ग्रीक बाई आणि भाच्याचं गालबोट

आमच्या गावातला पहिला बी. ए. मी. हे मी सांगितलं नाही तर दुसरं कुणीतरी सांगतंच, म्हणून आधीच सांगून टाकतो. गाव पनवेलच्या खाडीकाठी, वडील मिठागरात कामाला, आणि मी मुंबईत एका ग्रीक व्यापाऱ्याच्या कचेरीत कारकून. कॉलेजात मी इतिहास घेतला होता. तर्कशास्त्र, भूमिती आणि लोकशाही ग्रीकांनी जगाला दिली, असं मी परीक्षेत लिहिलं आणि मला सेकंड क्लास मिळाला. त्यामुळे ग्रीकांविषयी माझं मत चांगलं होतं.

एकदा साहेबांनी विचारलं, बायको नुकतीच मायदेशाहून आली आहे, मुंबईत गुदमरते, सुटीच्या दिवशी कुठं न्यावं? समुद्र हवा, गर्दी नको. मी म्हटलं, आमच्या घरी या. मग प्रवासाविषयी सल्ला दिला. रेल्वे तेव्हा पनवेलला आली नव्हती, म्हणून मोटारीनं ठाण्यावरून यावं. पाणी उकळून आणावं. पांढरे बूट घालू नयेत. भरतीच्या सुमारास पोचावं, कारण ओहोटीला आमच्याकडे समुद्र नसतो, चिखल असतो. साहेबांनी बदल्यात मला ग्रीसला सुटीवर जाणाऱ्यांसाठी छापलेलं एक लहानसं पुस्तक दिलं. मी ते वाचून काढलं आणि घरी सगळ्यांना समोर बसवलं.

"ग्रीक माणसाला पंजा दाखवायचा नाही," मी म्हटलं. "पाची बोटं उघडून हात समोर धरला की ती शिवी होते."

"मंग ते आशीर्वाद कसा देतात?" बाबांनी विचारलं.

पुस्तकात ते नव्हतं. मी पुढे गेलो. "तिकडे दुपारी दुकानं बंद असतात. लोक झोपतात."

"पनवेलीत काय नाचतात?" बाबा म्हणाले.

"नको म्हणायचं असलं की मान वर उडवून च्यक करतात."

"आनि आमी काय करतो?" आई म्हणाली, आणि करून दाखवलं.

एकंदरीत त्या पुस्तकाचा आमच्या घरावर फारसा परिणाम झाला नाही. खरी अडचण पुढेच होती. धाकटी बहीण तेव्हा माहेरी आली होती. तिचं पहिलं मूल सहा महिन्यांचं होऊन गेलं होतं. आता हा दुसरा रांगू लागला होता, गोरा, टपोऱ्या डोळ्यांचा, आणि ती त्याला क्षणभर खाली ठेवत नसे. त्याच्या गालावर काजळाचा हा एवढा ठिपका, मनगटात काळे मणी, दाराला लिंबू-मिरची. मी सांगितलं, पाहुणे येतील त्या दिवशी हे सगळं काढा. ज्यांनी जगाला तर्क शिकवला त्यांच्यापुढे बरं दिसत नाही.

"दादा," ती म्हणाली, "माजं पयलं गेलं तवा तुजा तर्क कुटं होता?"

मी आवाज चढवला. शेवटी आई मध्ये पडली. "येकच दिस, बाय. त्याच्या नोकरीचा सायेब हाय." बहिणीनं पदरानं गालबोट पुसलं. पण मग बाळाचा तो गाल आपल्या खांद्यात दाबून बसली, ती पाहुणे आले तरी तशीच.

साहेब आणि बाई बांधावरून चालत आले. बाईंचे बूट पांढरे होते. बाबांनी पंजा दिसू नये म्हणून दोन्ही मुठी घट्ट आवळल्या होत्या आणि हातपाय धुवायला पाणी दिलं तेही तसंच, मनगटांत तांब्या धरून. साहेब त्यांच्यापासून थोडं अंतर राखून होते. बाईंनी मात्र चिंबोरीचे आंगडे, म्हणजे खेकड्याच्या नांग्या, दातांनी फोडून खाल्ले आणि आईनं त्यांना पास करून टाकलं.

जेवण झालं तशा बाई उठल्या आणि बहिणीच्या खांद्यावरून बाळाला उचलून घेतलं. त्या काहीतरी म्हणाल्या, साहेबांनी त्याचं इंग्रजी केलं, मी मराठी केलं: "इतकं देखणं बाळ मी जन्मात पाहिलं नाही."

बहिणीचा चेहरा पांढरा पडला. कौतुक झालं होतं, आणि गाल कोरा होता. तिनं बाळाकडे हात केले, तेवढ्यात बाई बाळाच्या तोंडावर वाकल्या आणि थुंकल्या. थू, थू, थू. थुंकी नव्हती, नुसता आवाज, पण आवाज स्वच्छ होता.

बाबा उभे राहिले. मुठी तयारच होत्या.

साहेब लालबुंद झाले होते. "माफ करा," ते मला इंग्रजीत म्हणाले. "आमच्या खेड्यांत दृष्ट लागू नये म्हणून बायका असं करतात. ही चांगली शिकलेली आहे, शाळेत शिकवत होती. मी निघताना बजावलं होतं, तिथे असलं काही करू नकोस, ते पदवीधराचं घर आहे."

मी हे मराठीत सांगितलं. शेवटचं वाक्य गाळलं असतं तरी चाललं असतं, पण मी भाषांतरात काही गाळत नाही.

आई आत गेली आणि मूठभर मीठ, मोहरी, मिरच्या घेऊन आली. मीठ आमच्याकडे भरपूर. तिनं बाळावरून उतरवलं, मग बाईंवरूनही, आणि मूठ बाईंच्या तोंडापुढे धरली. काय करायचं ते बाईंना विचारावं लागलं नाही, त्या मुठीवर तीनदा थुंकल्या. चुलीत मिरच्या पडल्या. मग बाईंनी कॉलरच्या आतून टाचणीला लावलेला एक निळा मणी काढला. त्यावर पांढरा डोळा रंगवलेला होता. तो त्यांनी बाळाच्या झबल्याला लावला.

बहिणीनं बोटावर काजळ घेतलं, बाळाच्या गालावर ठिपका लावला, आणि उरलेलं बाईंच्या कानामागे.

"शिकलेली असून शानी हाय," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

साहेब आणि मी बाहेर जाऊन मिठागर बघत उभे राहिलो. ओहोटी लागली होती. आम्ही दोघंही शिकलेले असल्यामुळे बोलायला काही नव्हतं.

निघताना बाई बाबांपुढे वाकल्या. बाबांचा हात आशीर्वादाला वर गेला, त्यांना माझं पुस्तक आठवलं, आणि त्यांनी मूठ मिटून ती बाईंच्या डोक्यावर टेकवली. साहेब डोळे मिटून उभे होते.

नोकरी टिकली. भाचा मोठा झाला, त्याच्या पाठीवर आणखी दोन झाली, आणि तो निळा मणी काळ्या दोऱ्यात ओवून तिघांच्याही पाळण्याला राहिला. मणी उपयोगी पडला असं मी म्हणणार नाही. मी इतिहासाचा पदवीधर आहे. पण तो पाळण्याला बांधला की बहीण झोपत असे, एवढं मी पाहिलं आहे.