टीसीएलची बादली

नातू पोहून आला की त्याच्या ओल्या केसांना टीसीएलचा वास येतो आणि माझं डोकं फिरतं. आळेफाट्याजवळच्या आमच्या गावात चार वर्षं ती पाणी शुद्ध करायची पावडर बादलीत कालवून मी पिण्याच्या विहिरीत ओतत होते. कुणी सांगितलं नव्हतं. त्या कामापायीच लोकांनी मला पंचायतीत निवडून दिलं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बादली घेऊन निघाले, तर शेजारच्या काशीबाईनं ती धरली. "आता तुमी मेंबर. बादली घेऊन हिंडायचं शोभतं व्हय? द्या इकडं, आमी बघतो."

खोटं कशाला सांगू, मला लई बरं वाटलं.

पंधरा दिवसांत घरोघरी जुलाब सुरू झाले. काशीबाई मलूल लेकराला कडेवर घेऊन माझ्याच दारात आली. "मेंबर झाल्या अन् विहीर इसरल्या!"

मी तिच्या ओसरीकडं पाहिलं. बादली तिथंच पालथी होती आणि तिच्यावर कोंबडी बसली होती.

मग मीही तोंड सोडलं. पुढं कितीतरी वर्षं तिला बोल लावत राहिले. आज तो वास आला की वाटतं, तिनं बादली नुसती धरली होती. सोडली मी.