रिकाम्या बाकांसाठी गाणं

दोन देशांतल्या घड्याळांचा फरक जन्मभर मुलांना शिकवणाऱ्या भूगोलाच्या सरांनीच तो उलटा मोजला. परदेशातल्या एका शाळेशी पडद्यावरून पहिली भेट ठरली होती. सरांनी सकाळीच कॅमेरा चालू करून ठेवला आणि मुलांना दुपारी बोलावलं. मुलं जमली तोवर तिकडची शाळा सुटली होती.

"सर, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का?" मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "पुन्हा असं झालं तर हा उपक्रम बंद."

सरांनी मान डोलावली. बायको गेल्यापासून ते सगळ्यालाच मान डोलावत. ती याच शाळेत गाणं शिकवायची, आणि जग जोडायची ही हौसही तिचीच. तिने सुरू केलं म्हणून सर चालवत होते, इतकंच.

दुसऱ्या खेपेला वेळ जुळली. तिकडच्या बाई हसत म्हणाल्या, "त्या दिवशी तुमचा रिकामा वर्ग दिसला. तुमच्या गाण्याच्या बाईंनी पाठवलेलं गाणं मुलांनी बसवलं होतं, ते त्यांनी बाकांनाच म्हणून दाखवलं. झाडायला आलेल्या मावशींनी टाळ्या वाजवल्या!"

"तरीच मावशी हल्ली गुणगुणतात," मुख्याध्यापिकाबाई पुटपुटल्या.

"आता तुमचं गाणं कधी?"

वर्गातली सगळी मुलं सरांकडे वळली. वाद्यांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या खिशातच होती. आता रडू येईल असं त्यांना वाटलं, पण आलं नाही.

"पुढच्या वेळी," ते म्हणाले.

त्यानंतर बऱ्याच भेटी झाल्या. नद्यांवर बोलणं झालं, पावसावर झालं. गाण्याची उधारी मात्र अजून तशीच आहे.