रिकाम्या डब्याची वाट

आज माळ्यावरचा जुना पितळी डबा काढून चिंचेनं घासला, आणि त्या ओल्या पितळेच्या वासासरशी आमच्या धावडा गावची शेतवाट आठवली. तवा मालक जाऊन वर्ष झालं होतं, पोटी लेकरू नव्हतं, अन् माझ्या पोटात कॅन्सरची गाठ निघाली होती. औरंगाबादच्या डॉक्टरनं बजावलं, ऑपरेशनपर्यंत रोज चालायचं. पायात, छातीत ताकद असली तर लवकर उठाल. पण आमच्याकडं बाई कामाशिवाय रस्त्यानं चालत न्हाई, आणि आजार कळला असता तर बायांनी रडून रडून मला खाटेवरच झोपवलं असतं. मंग शेतात कुणाला भाकर नेते असं दाखवत मी रिकामा डबा फडक्यात बांधून निघायची. आतली वाटी खडखडू नये म्हणून चिंधी कोंबायची. कपाशीत चिटपाखरू नसायचं. बांधावर दम घ्यायचा, माघारी फिरायचं. एकदा जीपवाल्यानं गाडी थांबवली, "काकू, बसा जल्दी, डबा थंडा होऊन राह्यला!" मी म्हणाले, "जा तू, जेवणारा थांबंल," आणि पुढं पाऊल उचलेना. ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी मी सलाईनची बाटली धरून वॉर्डात चालले, डॉक्टर खूश झाला. माझा भाऊ ऑपरेशनच्या कागदावर सही करून कापूस वेचणीला परतला होता. दुपारी सगळ्या खाटांशी घरचे डबे उघडले. नर्सनं विचारलं, "मावशी, तुमचा डबा कोण आणणार?" मी उशाजवळच्या माझ्या डब्याकडं बोट दाखवलं, "आणलाय की," आणि फडकं काही सोडलं न्हाई. आता डबा लखलखून राह्यला. त्यात काय भरावं, ते अजून सुचत न्हाई.