खाटकाचं बीफ, सासूबाईंचं नाव

हे मी फादरांनाही सांगितलेलं नाही. दरवर्षी कन्फेशनला गुडघे टेकले, ‘रागावले, खोटं बोलले’ असं मोघम पुटपुटले आणि उठले. कोणतं खोटं, ते त्यांनी विचारलं नाही — मीही सांगितलं नाही. तुम्हाला सांगते. पण आधी बीफचं सांगू द्या, तिथून मला सोपं जाईल.

तेव्हा आम्ही मस्कतला, रुवीत राहायचो. आमचे हे दुक्मला, रिफायनरीच्या कामावर. महिन्यातून एकदा घरी. मूलबाळ नाही. गल्लीच्या टोकाला केरळचा एक खाटीक होता. छातीचा चांगला जाड तुकडा तो मीठ-मसाल्याच्या पाण्यात आठवडाभर मुरवून ठेवायचा. हॉटेलवाले न्यायचे, गोरे न्यायचे — आणि मी. घरी आणून मंद आचेवर तीन तास उकडायचा, बस्स! आतून गुलाबी, सुरी टेकवली की सुटणारा. पातळ काप, मोहरीचा सॉस, गरम खुबूस रोटी. तिथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमची रविवारची मिस्साही शुक्रवारीच. चर्चमधून आले की मी एकटी टेबलावर बसायची आणि बोटं चाटून जेवायची. खोटं कशाला बोलू — एकटीने खाण्यातही सुख असतं.

पण सांगायचंय ते मोनिकाबायबद्दल. माझी थोरली जाऊ. वसईला आमच्या सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा त्यांचं सगळं हिने केलं. हगणं-मुतणंसुद्धा. हे आत्ताच लिहून टाकते, नाहीतर पुढे लिहायचा धीर व्हायचा नाही. सासूबाई गेल्या, मग ती दिरांकडे, आपल्या नवऱ्याकडे, मस्कतलाच दार्सैतला आली.

सासूबाईंचं नाताळचं खारवलेलं बीफ म्हणजे — काय सांगू? लिंबू, मीठ, चिमूटभर सोरा, वर दगडाचं वजन. आणखी काहीतरी घालायच्या, ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं. मोनिकाबायने शेवटी शेवटी कितीदा विचारलं. त्या म्हणायच्या, “विसरले गं पोरी.” खरंच विसरल्या होत्या. आमची नावंसुद्धा विसरल्या होत्या त्या.

मग दार्सैतचा तो नाताळ. मी मटण करून नेलं होतं, ते जरा चिवट राहिलं. पंधरा माणसं जेवायला. मोनिकाबाय हसत हसत म्हणाली, “सिसीच्या हाताला चव कुठून येणार? घरात खायला आहे कोण? एखादं पोर असतं तर शिकली असती.”

सगळे हसले. मीही हसले. हसायचंच असतं ना अशा वेळी? तीनदा माझं पोट रिकामं झालं होतं, आणि तिसऱ्या वेळी उशाशी हीच बसली होती. तिला सगळं ठाऊक होतं. म्हणूनच — नाही, ‘म्हणूनच’ नको.

पुढे एका शुक्रवारी मिस्सा झाल्यावर ती न सांगताच माझ्याकडे आली. टेबलावर बीफ होतंच. वाढलं. पहिला घास चावला आणि थांबली. डोळे भरले तिचे.

“सिसी, हे आईचं आहे गं. कुणी शिकवलं तुला?”

मी काय म्हणायला हवं होतं? ‘खाटकाने.’ एक शब्द. दोघी हसलो असतो.

“आईने,” मी म्हणाले. “शेवटच्या सुट्टीत गेले होते ना, तेव्हा.”

“मला तर म्हणाल्या, विसरले.”

इथे तरी थांबता आलं असतं. पण तिचा चेहरा बघून मला जी चव आली — बीफची काय बिशाद!

“विसरल्या नव्हत्या, बाय. ‘मोनिकाला सांगू नकोस,’ म्हणाल्या.”

का, ते तिने विचारलंच नाही. सहा वर्षांत कधीतरी ती म्हातारीवर ओरडली असेल, कधी चादर बदलायला उशीर केला असेल. तिचं कारण तिनेच शोधलं. मला शोधावं लागलं नाही. मी आणखी दोन काप वाढले. तिने दोन्ही खाल्ले.

आता आम्ही दोघीही वसईला आहोत. मागच्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, सिमेट्रीत बरोबर होतो. तिने दिरांच्या कबरीवर मेणबत्ती लावली, चुलत्यांच्या लावली, शेजारच्या कुणा अनोळखी बाळाच्याही लावली. सासूबाईंच्या कबरीपाशी आली आणि मेणबत्त्यांचा पुडा माझ्या हातात दिला.

“आई तुझी होती. तूच लाव.”

मी लावली. वाटलं होतं, त्या वेळी तरी स्वतःची लाज वाटेल. तसं झालं नाही. बरं वाटलं.