अण्णांच्या तोंडातलं पान

अण्णा एरवी गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. पण आमचा प्रोग्रॅम कुणी पहिल्यांदा वापरायला बसलं, की ते आधी पान तोंडात कोंबत आणि मग त्या माणसाच्या पाठीमागे जाऊन उभे राहत. "तोंड रिकामं असलं की सांगावंसं वाटतं बघ," म्हणत. "आणि सांगावं लागलं, की कमांड नापास."

नवनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आम्ही कन्नड-मराठी मजकूर लिहायचा एडिटर बनवत होतो. मी म्हणायचो, परिच्छेद आत सरकवायचा तर आधी तो सगळा निवडायला हवा. अण्णा उसळायचे. "माणसाला हाक मारायला त्याला डोक्यापासून पायापर्यंत धरतोस काय रे? कर्सर परिच्छेदात कुठंही असू दे, 'आत सरक' म्हटलं की अख्खा परिच्छेद सरकला पाहिजे!" कमांडचं नावही त्यांनी तेच ठेवलं. मला हसू यायचं, पण केलं बाबा तसं.

मग धारवाडचे एक वकील एडिटर बघायला आले. त्यांनी घेतला तरच ऑफिस चालणार होतं. नाहीतर कुलूप, आणि मला आईला इथं एकटीला सोडून बंगळूरची वाट. वकीलसाहेबांनी मजकूर टाइप केला. साक्षीदाराचा जबाब तेवढा आत घ्यायचा होता, तिथं ते अडले. पडद्यावर नजर फिरवत नुसते बसून राहिले. माझा जीव टांगणीला! मी तोंड उघडणार, तोच अण्णांनी माझ्या पायावर पाय दिला. गाल फुगलेले, डोळे वटारलेले. अखेर वकिलांनी कर्सर परिच्छेदाच्या मधोमध होता तसाच ठेवला आणि 'आत सरक' दाबलं. अख्खा जबाब सरकला.

"आयतु! झालं की हो! सोपं आहे की हे," ते म्हणाले. "घेतो मी हा."

अण्णा पिंक टाकायला बाहेर धावले आणि हसतच परत आले. मला तर रडूच फुटलं. घरी जाऊन आईला सांगितलं, आता कुठं जात नाही.

पुढं बरीच वर्षं तिथंच काढली. आई गेल्यावर बंगळूरहून नोकरीचं बोलावणं आलं. जाऊ की नको, काही ठरेना. अण्णांना विचारलं. त्यांनी डबा उघडून सावकाश पान लावलं, तोंडात कोंबलं आणि माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले.

मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसलो. मग म्हणालो, "जातो, अण्णा."

पाठीवर थाप पडली. केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! वळून बघितलं, तर त्यांचे डोळे भरले होते आणि तोंडात पान तसंच होतं.