खेळाबाहेरचा राक्षस

दातांच्या डॉक्टरीणबाईंशी माझं वैर कशावरून झालं असं कोणी विचारलं, तर मी 'दाढेवरून' म्हणून सांगतो. लोकांना ते पटतं. खरं सांगितलं तर चाळिशी उलटलेला, मिशीला कलप लावणारा, दोन खोल्यांचा होमस्टे चालवणारा गृहस्थ राक्षसांचे पत्ते खेळतो हे गावभर होईल. मग पाहुण्यांपेक्षा बघेच जास्त येतील.

पत्ते म्हणजे रमीचे नव्हेत. विकत घेऊन जमवायचे, चित्रांचे, इंग्रजी मजकूर छापलेले. कुणी राक्षस, कुणी चेटकीण, कुणी नुसतीच वीज. प्रत्येकाने आपला गठ्ठा बांधायचा आणि समोरच्याचे प्राण शून्यावर आणायचे. कोल्हापूरच्या होस्टेलात मी इंजिनिअरिंग सोडून जे जे शिकलो, त्यात हा खेळ एक. गावी परतल्यावर तो मी माझ्या वर्गमित्राला शिकवला. त्याचं स्कूबाचं दुकान आहे. पावसाळ्यात समुद्र बंद म्हणजे दुकानही बंद. रबरी सूट खुंट्यांवर लोंबत असतात, हवेच्या टाक्या कोपऱ्यात उभ्या असतात आणि मधल्या टेबलावर आमचा डाव. तिसरा भिडू बँकेतला कॅशियर.

या दरबाराचा मानकरी मी. नियम मी सांगायचे आणि त्यांनी माना डोलवायच्या. शब्दही माझेच, होस्टेलातले. दुसऱ्याच्या चालीत मधेच टाकायचा पत्ता म्हणजे 'इंटरप्ट'. पत्ता खेळातून काढून बाजूला ठेवला की 'रिमूव्ह', म्हणजे खेळाबाहेर. आणि प्राण शून्य झाले तरी चालू चाल संपेपर्यंत माणूस मरत नाही. हे सगळं कुठल्या काळातलं, हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

मग मालवणच्या बाजारात दवाखाना उघडून ही बया आली. मूळची दोडामार्गची, शिकली गोव्यात, हा खेळही तिथेच शिकली. माझ्या मित्राची दाढ काढताना तिने 'मी पण खेळूक येव काय?' असं विचारलं. त्याचं तोंड उघडं, आत पक्कड. नाही कसं म्हणणार?

पहिल्याच दिवशी मी तिच्या चालीत पत्ता आपटून ओरडलो, "इंटरप्ट!"

"काय म्हणालास, काकानु?"

काकानु! माझ्या कलपाचा असा अपमान याआधी फक्त बायकोने केला होता.

"इंटरप्ट," मी म्हटलं.

"ह्यो शब्द मेलो. माका दुधाचे दात होते तेव्हा."

"मगे आता काय म्हणतत?" हे विचारलं माझ्या मित्राने. माझ्या! त्याच दिवशी मला कळायला हवं होतं.

नंतर तिने आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्या नियमांची लिंक टाकली. मी न उघडता अंगठा दाखवला. महिन्याभरात मित्र आणि कॅशियर तिचे शब्द बोलू लागले. मी काही बोललो की दोघे तिच्याकडे बघत, कोर्टात साक्षीदार वकिलाकडे बघतो तसे.

तरी मी गप्प होतो, कारण पणजीला जोड्यांची स्पर्धा होती. खऱ्या स्पर्धेत दोघांनी मिळून उतरायचं, हे मित्राचं आणि माझं जुनं स्वप्न. मी तर दोघांचे टी-शर्टसुद्धा छापून घेतले होते, छातीवर माझा लाडका राक्षस. आणि टी-शर्ट बघून मित्र म्हणतो, "रे, ती पण विचारता हा. तुमी दोघांनी एक डाव खेळा. जिंकात तो माझ्यावांगडा पणजीक येतलो."

"मेल्या, शाळेत एका बाकार बसलंव आपण!"

"म्हणान तर डाव म्हटलंय. नायतर सरळ तिकाच घेतलंय असतंय."

मग मात्र मी ती लिंक उघडली. शिकायला नव्हे, हत्यार शोधायला. चार पानांतच सापडलं. सुरुवातीला हातात वाईट पत्ते आले तर सगळे बदलून घेता येतात, हा आमचा रिवाज. आजच्या नियमात मात्र बदलून घेतल्यावर एक पत्ता गठ्ठ्याच्या तळाशी ठेवावा लागतो. ती आमच्यात आमच्या रिवाजाने खेळायची, बहुतेक माझ्या वयाकडे बघून. मी फोन बंद केला आणि सुखाने जेवलो. उरलेली पानं वाचायची गरजच काय?

डावाच्या दिवशी मी आधी गाऱ्हाणं घातलं. टेबलावर नारळ ठेवून, हात जोडून, देवळातल्या सुरात: "बा देवा म्हाराजा! आज ह्यो जो डाव मांडललो आसा, तेच्यात जो कोण भायरसून येवन आमची वहिवाट मोडता, तेचे पत्ते इस्कटून टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. सगळ्यात मोठ्याने ती.

तिचे पत्ते खरंच वाईट आले. तिने बदलून घेतले. मी सापासारखा सरसावलो. "एक तळाक ठेव गो बाय. नियम आसा."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "म्हणजे आज आजचे नियम?"

"आजचेच. एका अक्षराची सूट नाय."

"ऐकलास मा?" तिने कॅशियरला विचारलं. त्याने नोटा मोजून झाल्यावर हलवतो तशी मान हलवली. तिने मुकाट्याने पत्ता तळाला ठेवला. ती हसली नाही, तिथेच मी घाबरायला हवं होतं.

डाव माझ्या बाजूने चालला. माझा राक्षस मैदानात होता. तिने त्याला मारायला वीज काढली, तर मी दुसऱ्या एका पत्त्याने त्याला स्वतःच खेळातून काढून बाजूला ठेवला. वीज फुकट. हीच माझी जुनी युक्ती. कारण माझ्या हातात 'मागणं' नावाचा पत्ता होता: खेळाबाहेर असलेला तुमचा कुठलाही एक पत्ता परत हातात घ्या. होस्टेलात याच युक्तीवर मी वर्षभर फुकट चहा प्यायलोय. माझी चाल आली, मी 'मागणं' आपटलं आणि राक्षसाकडे हात नेला.

"खंय हात घालतास, काकानु?"

"राक्षसाक घेतंय. तो खेळाभायर आसा."

"नाय. 'रिमूव्ह' आता नाय म्हणत. 'एक्झाइल' म्हणतत, हद्दपार. हद्दपार झाललो पत्तो खेळातच ऱ्हवता, एका कोपऱ्यात. खेळाभायर म्हणजे फक्त तुमच्या डब्यातले उरलेले पत्ते."

"माझ्या पत्त्यार काय छापलला आसा ता वाच!"

"छापलला जुना. चालता ता आजचा."

"आमच्यात जुन्या कागदाक मान असता! आमच्या आज्यान आंब्याचो खटलो जुन्या कागदार..."

"...हरललो," कॅशियर म्हणाला.

मी मित्राकडे बघितलं. तो एका टाकीचा नळ उगाच पिळत होता.

"एका अक्षराची सूट नाय," ती म्हणाली. "तुमचीच भाषा. पण 'मागणं' वाया नको. डब्यातलो दुसरो खयचो पण पत्तो घेवा."

डबा उघडला. आत खाजे होते. युक्तीवर माझा इतका विश्वास, की जादा पत्ते घरी ठेवून डब्यात मी विजयाचा खाऊ आणला होता. ती शांतपणे वाकली, एक खाजा उचलला आणि दोनच चालींत माझे प्राण शून्यावर आणले. मग नारळाला हात जोडून म्हणाली, "पत्ते इस्कटलेस रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," दोघे म्हणाले. मित्राने निदान हळू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. मला वाटलं, माफी मागायला. आला होता टी-शर्ट न्यायला. "दोनव दी. वाया कित्याक घालवतंस?" बायकोने घडी घालून दिले. माझा राक्षस तिच्या छातीवर पणजीला गेला आणि मी परसात माडाच्या झावळ्या आवरत बसलो. त्यात माझी एक दाढ दुखायला लागलेली. गावात दातांचं दुसरं कोणी नाही, आणि तिच्यासमोर तोंड उघडण्यापेक्षा दाढ पडलेली बरी.

संध्याकाळी मित्राचा फोन आला. मागे गलका, आणि त्या गलक्यात तिचा आवाज, कोणाला तरी फाडून खात असलेला.

"मेल्या," तो म्हणाला, "हरलंव."

"अरेरे," मी म्हटलं. माझा आवाज इतका गोड मी कधी ऐकला नव्हता. "कसे काय?"

"आमका दोघांत मिळान तीनच प्राण उरलले. माझ्या एका पत्त्याक तीन प्राण दिले की समोरचो मरतलो. मी तिका न विचारताच दिले. म्हटला, शून्य झाला तरी चाल संपासर आपण मरणव नाय." तो थांबला. "तो नियम पण मेललो आसा, रे. थंयच्या पंचान आमका उठवल्यान. शिरा पडो तुझ्या वहिवाटीर!"

इतकं शिकवूनही तिला आपल्या जोडीदाराचे सगळे नियम तपासायचं सुचलं नव्हतं. मी शिकवलेल्यातला एक तिच्या हातून सुटला होता.

"फोन तिका दी," मी म्हटलं.

"कित्याक?"

"काकानु बोलतत म्हणान सांग."

त्याने दिला नाही. मी मात्र इतका मोठ्याने हसलो की दाढेतून मस्तकापर्यंत कळ गेली आणि रात्रभर गाल धरून बसलो. सकाळी पहिल्या एसटीने कुडाळला गेलो. तिथल्या डॉक्टरने विचारलं, मालवणात डॉक्टर असताना इथवर कशाला आलात? मी म्हटलं, वैर आहे. कशावरून? दाढेवरून, मी म्हटलं, आणि तोंड उघडलं.