खाणं उतरेपर्यंत

गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करणं हा त्याचा धंदा, म्हणून गॅरेजात सगळे त्याला ठोक्या म्हणत. माणसांनाही तो तसंच सरळ करायचा. राग सदा नाकावर. सख्ख्या मेव्हण्याचं डोकं फोडलं, आणि एकदा बायकोचा हात पिरगाळला तो मोडेपर्यंत. ती लेकीला घेऊन माहेरी गेली ती गेलीच. मागे राहिली लेकीची करडी मांजर. त्याला न घाबरणारं घरात तेवढंच एक उरलं होतं, आणि या दांडगटाचा तिच्यावर लाज वाटावी इतका जीव होता. रोज तिला खांद्यावर टाकून तो कामाला यायचा.

एका सकाळी गॅरेजात मांजर चार पावलं चालली आणि मागचे पाय दुमडून कोसळली. थांबून उठली, पुन्हा पडली. खाल्लेलं तसंच्या तसं बाहेर आलं. आता, मोडलेली प्रत्येक वस्तू कुणीतरी ठोकरलेली असते, हा ठोक्याचा वीस वर्षांचा अनुभव. आदल्या दिवशी ती एका गाडीच्या ओल्या रंगावर चढली म्हणून गॅरेजातल्या पेंटरने तिला पायाने बाजूला सारलं होतं. झालं! ठोक्याने पेंटरची गचांडी धरली, त्याला बॉनेटवर आपटलं आणि तोंडावर बुक्क्या घालत सुटला. दोन दात पडले, जबडा मोडला, ताज्या पांढऱ्या रंगावर रक्त उडालं. तिघांनी ओढला तेव्हा कुठे थांबला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मांजरीला तपासणीपुरतं एक इंजेक्शन दिलं आणि मिनिटभरात ती टेबलभर हिंडली. थोड्याच वेळात पुन्हा लुळी. हिला कुणी मारलेलं नाही, बाई म्हणाल्या. छातीत गाठ आहे, तिच्यापायी शरीरच स्वतःच्या स्नायूंवर उलटलंय. गोळ्यांनी जोर आला की ऑपरेशन करून गाठ काढायची. तोवर अन्ननलिका ढिली, म्हणून भरवल्यावर पंधरा मिनिटं तिला उभी धरायची. आडवी झाली तर घास फुप्फुसात जाईल, आणि मग हातात काही राहणार नाही.

ठोक्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीनदा पेंटरच्या दारापर्यंत गेला आणि तोंड न दाखवता परतला.

नवव्या दिवशी दुपारी पेंटरच त्याच्या घरी आला. जबडा तारेने बांधलेला, हातात लोखंडी पाइप. ठोक्याने मांजरीला नुकतंच भरवून छातीशी उभी धरली होती. पहिला फटका खांद्यावर बसला. ठोक्याने तिला पोटाशी घेतलं आणि पाठ दिली. दुसऱ्या फटक्याला बरगडी कटकन मोडली. तो गुडघ्यांवर आला, पण मांजर सरळच होती.

"हात उचल ना," पेंटर बांधलेल्या दातांतून म्हणाला. "त्या दिवशी बरा उचललास."

"चुकलं माझं. तुझा काही दोष नव्हता, तिला आजार आहे. मार तू. फक्त ही आडवी पडली तर मरेल. दहा मिनिटं राहिलीत."

पेंटरने उगारलेला पाइप खाली घेतला. मग स्टूल ओढून बसला, पाइप मांडीवर घेऊन, नजर घड्याळावर. काटा दहा मिनिटं पुढे सरकला.

"झाली," पेंटर म्हणाला. "ठेव तिला खाली."

ठोक्याने मांजर आतल्या खोलीत नेऊन जपून खोक्यात ठेवली. खोलीचं दार बाहेरून लोटून घेतलं, आणि परत येऊन हात पाठीमागे धरून पेंटरसमोर उभा राहिला.